उमुआलाची ओजी

घड्याळ दुरुस्तीचे दुकान, ओळ सातवी
मोठा बाजार, ओनिचा
४ फेब्रुवारी १९८६, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे

एक्वुतोसी वहिनींस,

तुम्ही पाठवलेली कादंबरी पोचली. बसचालकाने ती सीटखाली मिरच्यांच्या पोत्यावर ठेवली होती. त्यामुळे पहिली साठ पाने शिंकत वाचली, पण वाचली. आजवर वाचलेल्या आफ्रिकी कादंबऱ्यांत हिचा क्रमांक एकशे बारा. वहीत नोंद केली आहे.

लेखकाला मी पत्र टाकले आहे. पान त्रेचाळीसवर अमावस्या होते आणि पान चव्वेचाळीसवर तीन दिवसांनी पूर्ण चंद्र उगवतो. मी सहावीपर्यंतच शाळा पाहिली, पण चंद्राला भरायला किती दिवस लागतात हे कळायला सातवी लागत नाही. विद्यापीठात शिकलेल्या माणसाचे हे काम आहे.

तुमच्या एनुगूच्या वाचक मंडळात ८ मार्चला भाषण द्यायला मी तयार आहे. विषय तुम्हीच सुचवलात, ‘आपल्या कादंबऱ्यांतले दैव आणि रूपक’. यावर मी तेवीस वर्षे विचार करतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याकडच्या कादंबरीत मडके कधी उगाच फुटत नाही. तिसऱ्या पानावर फुटले की समजावे, शेवटच्या पानावर घर फुटणार. दैव स्वतः कधी येत नाही, त्याला चेहरा नाही. ते काहीतरी पांघरून येते. कधी अजगर, कधी नदी, कधी कणगीतला सडका सुरण. साधा वाचक अजगर पाहून घाबरतो. जाणता वाचक अजगर कोणी पाठवला ते विचारतो.

यावर माझ्या धंद्यातला एक दाखलाही देणार आहे. गिऱ्हाईक घड्याळ आपटते आणि म्हणते, ओझोएमेना, माझी वेळ फिरली. मी मागचे झाकण उघडतो, तर आत मुंगी. पण भाषणात मी मुंगीपाशी थांबणार नाही. ती मुंगी त्याच घड्याळात का गेली, हा खरा प्रश्न आहे.

मंडळात खुर्च्या किती, तेवढे कळवा.

तुमचा दीर,
ओझोएमेना

•

एनुगू
८ फेब्रुवारी १९८६

ओझोएमेना भावोजी,

खुर्च्या चौदा आहेत. त्यातली एक मोडकी, ती मी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, म्हणजे भाषण लांबणार नाही.

आता कादंबरी मिटा आणि नीट वाचा. माझ्या लेकाने, आपल्या ओबिओराने, उमुआला गावची न्कोली पसंत केली आहे. मुलगी तिथल्या दवाखान्यात परिचारिका आहे, शहाणी आहे, आणि त्याच्याशी गेले वर्षभर पत्राने भांडते आहे, म्हणजे प्रकरण पक्के आहे. त्याला मैदुगुरीहून ईस्टरआधी रजा नाही. त्याचे वडील असते तर ते गेले असते. ते नाहीत, आणि दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला, जायचे ते बापाकडच्याच माणसाने. तुमच्याशिवाय त्यांच्या रक्ताचा धड बोलणारा पुरुष आता उरलेला नाही. धड म्हणजे काय ते मी इथे लिहीत नाही.

शनिवारी १५ तारखेला आपल्या चार दिवसांच्या आठवड्यातला न्क्वो बाजाराचा दिवस आहे. त्या दिवशी जा. ओनिचाचाच एक सिमेंटवाला त्याच दारावर १ मार्चला येणार आहे असे कानावर आले आहे. त्याच्याकडे दोन मालमोटारी आहेत. आपल्याकडे तुम्ही आहात. म्हणून आपण आधी जायला हवे.

तुमच्या दोन चुलतभावांना सांगितले आहे, ते ताडीचे मडके घेऊन परस्पर उमुआलाला येतील. मानाची कोलाची फळे, ओजी, मात्र तुम्ही न्यायची. आठ घ्या. आपल्या बायकांकडून, मोठ्या बाजाराच्या नदीकडच्या टोकाला बसतात त्यांच्याकडून. प्रत्येक ओजी हातात घेऊन शिवणी मोजा, जितक्या शिवणी तितक्या पाकळ्या. तुम्ही मोजणारच, पण लिहिलेले बरे.

तिथे सगळ्यांत थोर म्हणजे म्बानेफो आजोबा, मुलीच्या आजोबांचे भाऊ. नव्वदीला टेकले आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू, पण ओजी फोडायची सुरी दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. त्यांच्यापुढे कमी बोला. कादंबऱ्यांविषयी एक अक्षर नको.

एक्वुतोसी

•

ओनिचा
१८ फेब्रुवारी १९८६

वहिनी,

बसून वाचा.

ओजी दोन पाकळ्यांत फुटली.

म्बानेफो आजोबांनी प्रार्थना केली. पूर्वजांना बोलावले, आकाशाला बोलावले, आपल्या ओबिओराच्या वडिलांचेही नाव घेतले. मग सुरी लावली. त्यांनी बोटांनी चाचपले आणि म्हणाले, “दोन.” एवढेच. चार निघाल्या असत्या तर आठवड्याचे चारही बाजार आपले होते. तीन निघाल्या असत्या तर शूरांची ओजी म्हणून भागले असते. दोन कोणी खात नाही. ताटली बाजूला ठेवली गेली. मुलीची आई घरात गेली. एक कोंबडी माझ्याकडे बघत राहिली, तिची नजर मी विसरू शकत नाही.

मी तीन रात्री झोपलेलो नाही. पण वहिनी, या तीन रात्रींत मला जे कळले ते एकशे बारा कादंबऱ्यांनी कळले नव्हते. आपण दैवाचा पाठलाग पानापानांवर करतो आणि ते मात्र आपल्या मांडीवर ताटलीत येऊन बसते. एक फळ. दोन पाकळ्या. एक मुलगा आणि एक मुलगी, कायमचे वेगळे. याहून नेमके रूपक मी कुठेही वाचलेले नाही. भाषणाची शेवटची चार पाने मी पुन्हा लिहिली आहेत. चौदा खुर्च्या पुरणार नाहीत असे वाटते.

ओबिओराला धीर द्या. सांगा, जे लिहिलेले असते ते पुसता येत नाही. माझ्या वहीत अशी सदतीस उदाहरणे आहेत. हवी असल्यास पाठवतो.

शोकात,
ओझोएमेना

•

एनुगू
२० फेब्रुवारी १९८६

भावोजी,

तुमचे पत्र तीनदा वाचले. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा रडता रडता काहीतरी खटकले. तिसऱ्यांदा चष्मा लावला.

चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या आहेत मी. कोण पोर कुठे घसरले ते मला उत्तरावरून कळत नाही, त्याने काय लिहिले नाही यावरून कळते. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच पत्रावर वेळ घातलेली नाही. ओजी किती घेतल्या, किती ग्रॅमच्या, कोणाकडून, रंग कोणता, यातले काही नाही. ज्या माणसाने माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीत शवपेटीचे खिळे मोजले होते, तो ओजीचा रंग सांगत नाही. कोंबडीची नजर सांगतो.

ओबिओराला मी अजून काही कळवलेले नाही. कळवले तर तो नोकरी टाकून निघून येईल, आणि कळवले नाही तर १ तारखेला सिमेंटवाला दारात उभा. मला पुढील गोष्टींची उत्तरे पाठवा. रडगाणे नको.

ताटलीत किती ओजी होत्या? ज्या ओजीचे दोन झाले, ती केवढी होती? तुम्ही तिथे किती वाजता पोचलात? आणि त्यांनी ताडीचे काय केले?

एक्वुतोसी

•

ओनिचा
२३ फेब्रुवारी १९८६, दुपारी साधारण तीन

वहिनी,

तुमच्या प्रश्नांचा सूर मला पोलीस चौकीतला वाटला. तरी उत्तरे देतो.

ताटलीत एक ओजी होती. रीतीप्रमाणे फोडायला एकच लागते. ती बऱ्यापैकी मोठी होती. मोठी ओजी नेणे हा गुन्हा नाही.

मी बारा वाजता पोचणार होतो, पावणेचारला पोचलो. न्क्पोरच्या पुढे बसचा पट्टा तुटला. साडेतीन तास मी बसच्या सावलीतल्या पायरीवर बसून होतो. त्या वेळात मी एकशे तेराव्या कादंबरीची दोनशे सहा पाने संपवली. फार गुंतवणारी आहे. माणसाला हात कुठे जातो याचे भान राहत नाही.

ताडी ते प्यायले. माझे भाऊही प्यायले. मी प्यायलो नाही, मला छातीत धडधड होत होती. निघताना म्बानेफो आजोबांनी रिकामे मडके स्वतःच्या हाताने माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “रिकामं मडकं ओढ्याची वाट विसरत नाही.” वहिनी, मी ते मडके छातीशी धरून सगळी वाट आलो. एवढी मोठी कविता मी ऐकली नव्हती. रिकामे मडके म्हणजे आपले घराणे, ओबिओराचे वडील गेल्यावरचे. ओढा म्हणजे काळ. त्या आंधळ्या म्हाताऱ्याने एका वाक्यात आपला अंत सांगितला. हे वाक्य मी भाषणाच्या अगदी शेवटी घेतो आहे. त्यानंतर अर्धा मिनिट गप्प उभा राहीन.

मडके दुकानात घड्याळांच्या शेजारी ठेवले आहे. गिऱ्हाइके विचारतात. मी मान हलवतो.

ओझोएमेना

•

एनुगू
२५ फेब्रुवारी १९८६

भावोजी,

हे पत्र मी बसचालकाच्या हातात स्वतः दिले आहे आणि त्याला सांगितले आहे की मिरच्यांवर नाही, तुमच्या डोक्यावर ठेव.

एकशे तेरा कादंबऱ्या वाचलेल्या माणसा, नकार देणारे लोक ताडी पितात का? उमुआलात नाही आणि जगात कुठेही नाही. नको असेल तर मडके भरलेले परत येते, तोंडाला पानही बांधलेले तसेच. ते प्यायले. तळापर्यंत प्यायले. आणि रिकामे मडके तुमच्या हातात दिले. रिकामे मडके हातात देतात ते कशासाठी? भरून आणण्यासाठी. ओढ्याची वाट विसरत नाही म्हणजे पुन्हा ये. शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीला मी आत्ता विचारले. ती म्हणाली, “आजी, ताडी संपली म्हणून.” तिने एकही कादंबरी वाचलेली नाही.

म्हाताऱ्याने तुम्हाला भर अंगणात आमंत्रण दिले आणि तुम्ही ते घड्याळांच्या शेजारी ठेवून मान हलवता आहात.

आता दुसरे. आपली ओजी सुपारीएवढी असते आणि तिच्यावर तीन-चार शिवणी असतात. ‘बऱ्यापैकी मोठी’ आणि दोनच पाकळ्यांची असते ती ग्वोरो. उत्तरेकडून येते. ती जन्मतःच दोन पाकळ्यांची असते, तिचे दोन तुकडे होण्यात दैवाचा काही हात नाही, जसा माझे दोन हात असण्यात नाही. ती कोण चघळते? लांबच्या वाटेचे चालक चघळतात, रात्रपाळीचे पहारेकरी चघळतात, आणि पुस्तके वाचण्यासाठी जागे राहणारा एक घड्याळजी चघळतो. त्याच्या डाव्या खिशात ती नेहमी असते. मी त्या खिशाला गेली वीस वर्षे ओळखते.

मग माझ्या आठ ओजी कुठे गेल्या? साडेतीन तास, दोनशे सहा पाने, हाताचे भान नाही, छातीत धडधड आणि तीन रात्री झोप नाही. भावोजी, आठ ओजी खाल्ल्यावर बैलसुद्धा झोपणार नाही.

तुम्हीच लिहिले होते, लोक म्हणतात वेळ फिरली आणि तुम्ही मागचे झाकण उघडता. उघडा आता स्वतःचे. मुंगी सापडेल. तिच्या अंगाला ओजीचा वास असेल.

तुमचे नाव आजीने ठेवले ते ‘असे पुन्हा न होवो’ या अर्थाचे. एकदा तरी नावाला जागा. २७ तारखेला पुन्हा न्क्वो आहे. आठ ओजी, एक मडके ताडी. बसमध्ये पुस्तक नेले तर मला दीर नाही असे समजेन. आणि तिथे जाऊन खरे सांगा. दैवाने केले असे नाही. तुम्ही खाल्ल्या असे.

एक्वुतोसी

•

घड्याळ दुरुस्तीचे दुकान, ओळ सातवी
मोठा बाजार, ओनिचा
२ मार्च १९८६, सकाळी सात वाजून पंचावन्न मिनिटे

वहिनी,

एक चूक दुरुस्त करतो. आठ नव्हे, सात खाल्ल्या. आठवी बसच्या पायरीवरून गटारात पडली, तेव्हा कादंबरीतला नायक नदी ओलांडत होता आणि मला वाकता आले नाही. बाकी तुमचे सर्व बरोबर आहे. पोचल्यावर ओजी बांधलेले कापड उघडले तर आत फक्त एक देठ होता. दारात माणसे उभी होती. खिशात ग्वोरो होती. म्हातारा आंधळा आहे असे तुम्हीच कळवले होते. माणसाच्या मनात जे येऊ नये ते आले. आणि “दोन” म्हटल्यावर मला स्वतःलाच ते दैव वाटू लागले, हे मी शपथेवर सांगतो. तीन रात्री जागल्यावर माणसाला कशातही दैव दिसते.

२७ तारखेला गेलो. आठ ओजी, एकूण वजन एकशे एकोणसाठ ग्रॅम, मामा न्वाकाकडून, सगळ्या लालसर, सहांवर चार शिवणी, दोनांवर तीन. ताडीचे मडके मांडीवर. पुस्तक नाही. बसमध्ये एक तास दहा मिनिटे मी फक्त समोरच्या माणसाची मान पाहिली. इतका लांब तास माझ्या धंद्यात कधी पाहिला नाही.

अंगण गेल्या वेळेपेक्षा भरलेले होते. आपण परत येणार हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होते. म्बानेफो आजोबांनी मडक्याला हात लावून ते भरलेले आहे याची खात्री केली आणि समाधानाने हुंकार दिला. मी उभा राहिलो. भाषणाची तयारी असल्यामुळे सुरुवात चांगली झाली, मग मात्र सगळे सरळच बाहेर आले. म्हटले, गेल्या खेपेची ओजी ओजी नव्हती, माझी चघळायची ग्वोरो होती. खरी मी बसमध्ये खाल्ली, पुस्तक वाचता वाचता. मुलाचा यात काही दोष नाही. दैवाचाही नाही. सिमेंटवाल्याला द्यायची असेल तर मुलगी द्या, पण माझ्या खिशामुळे देऊ नका.

कोणी हसले नाही. मला वाटले, संपले.

म्हातारा म्हणाला, “बस खाली. माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली. सत्तर वर्षं मी ग्वोरो चघळतोय, हातात आली तेव्हाच कळलं.”

मी विचारले, मग तेव्हाच का नाही सांगितलेत.

“पाहुण्याला भर अंगणात चुकलास म्हणायचं? या घरात नाही म्हणत. म्हणून दैवाच्या नावावर घातलं. दैव कुणाचं पाहुणं नसतं, त्याला राग येत नाही.” मग पुढे म्हणाला, “मडक्याचं सांगितलं होतं की तुला. वाटलं, शिकलेला दिसतोय, चार दिवसांत येईल. बारा लावलेस.”

तेव्हा हसले. सगळे एकदम, माझे दोन्ही भाऊ सगळ्यांत मोठ्याने. मुलीची आई दाराला धरून. तीच कोंबडीही तिथे होती.

न्कोली पाणी घेऊन आली. मला हळूच विचारले, “काका, बसमध्ये एवढं वाचत होतात त्या पुस्तकाचा शेवट काय होतो?” मी सांगितले की शेवट अजून वाचलेला नाही, पण पान ऐंशीवर पावसाळ्यात हरमॅटनचा, म्हणजे कोरड्या ऋतूतला, वारा सुटतो, तो चुकीचा आहे. ती म्हणाली, वाचून झाले की द्या, मीही चुका काढते. वहिनी, ही मुलगी आपल्या घरात आलीच पाहिजे.

मग ओजी फुटली. म्हाताऱ्याने एकेक पाकळी वर धरून दाखवली. चार. पाचवा एक बारीक तुकडा होता. मी तो जवळून पाहिला नाही, मोजला नाही, आणि याविषयी कोणाला पत्र लिहिणार नाही. सगळ्यांनी खाल्ली. मी सगळ्यांत लहान पाकळी घेतली, कारण त्या जातीतला माझा वाटा आधीच खाऊन झाला होता. ताडी पुन्हा तळापर्यंत गेली. ईस्टरला ओबिओराने यायचे ठरले. सिमेंटवाल्याला काल निरोप गेला. त्याच्या मालमोटारींना शुभेच्छा.

भाषणाची शेवटची चार पाने फाडली. त्यांच्या जागी मुंगी आहे. आता तीच शेवटची. मोडकी खुर्ची चालेल.

निघताना म्बानेफो आजोबांनी मला जवळ बोलावले आणि स्वतःच्या खिशातली एक ग्वोरो माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, वाटेत वाचायला काही नसेल तर झोप लागेल, मडके पडेल. मी ती न्क्पोरच्या अलीकडे बसमध्ये फोडली. दोन पाकळ्या झाल्या.

दोन्ही खाल्ल्या.

तुमचा दीर,
ओझोएमेना